लकवा आणि करंटचे मशीन : कर्ज काढण्याआधी एवढे वाचा



गेल्या पावसाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत महिला बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. रक्तदाब तपासणीबद्दल बोलायचे ठरले होते. पण सतरंजीवर बसतो न बसतो तोच एक ताई उठून म्हणाल्या, "सिस्टर, आधी माझं बघा. मला गटातून पंचवीस हजार उचलायचेत."

त्यांचे मालक गवंडीकाम करायचे. पाच महिन्यांपूर्वी उजवा हात आणि उजवा पाय गेला. आता गाडीवरून एक माणूस वस्तीत येतो, डबीसारखे मशीन दाखवतो. "हाताला पट्ट्या लावल्या अन् बटण फिरवलं की हात उडाला, सिस्टर. आम्ही सगळ्यांनी डोळ्यानं पाहिलं. एकवीस दिवसांत स्वतःच्या हातानं जेवतील म्हणतो. एक शेळी विकून इसार दिलाय. बाकीचं गटानं द्यावं."

गटातल्या एक आजी म्हणाल्या, "करंटनं कुठं माणूस बरा होतो का?" दुसरी म्हणाली, "पण हात उडाला की!" दोघींचेही म्हणणे अर्धे खरे होते. त्या दिवशी आम्ही जे सांगितले ते नीट लिहून काढायचे कबूल केले होते. कारण असा रुग्ण आज जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे आणि असा विक्रेताही.

नेमके बिघडते काय?

आपल्याकडे मोटार बंद पडली की आपण काय बघतो? मोटार जळाली का, वायर तुटली का, की डीपीच गेला? तिन्ही वेळा पाणी येत नाही, पण दुरुस्ती वेगवेगळी असते. शरीराचे तसेच आहे. स्नायू म्हणजे मोटार. मणक्यातून निघून स्नायूपर्यंत जाणारी नस म्हणजे वायर. आणि मेंदू म्हणजे जिथून वीज सुटते ते ठिकाण. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येतो, नसेतून स्नायूत जातो आणि हात उचलला जातो. हा हुकूमसुद्धा एक प्रकारची सूक्ष्म वीजच असते.

लकव्यात, म्हणजे पक्षाघातात, मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. हुकूम देणारा मेंदूचा भाग मरतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते. पण हाताची नस शाबूत असते, स्नायूही शाबूत असतो. डीपी गेला आहे, वायर आणि मोटार जागेवर आहेत. पाठीच्या कण्याला मार लागून पाय गेले, तर तिथेही बहुतेक वेळा दुखापतीच्या खालच्या नसा जिवंत असतात, फक्त वरून हुकूम येत नाही.

विजेचा उपचार चालतो तो या शाबूत राहिलेल्या वायरवर. कातडीवर दोन पट्ट्या लावून सूक्ष्म करंटचे ठोके दिले की नस जागी होते आणि स्नायू आखडतो. म्हणून हात उडतो. त्यात चमत्कार नाही. इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाच्या पायाला वीज लावली तेव्हा तो पायही उडाला होता. १७९१ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. पाय उडाला म्हणून बेडूक जिवंत झाला नाही. तसेच विक्रेत्याने बटण फिरवल्यावर हात उडाला, याचा अर्थ नस जिवंत आहे एवढाच. हुकूम मेंदूतून यायला लागला, असा त्याचा अर्थ नाही.

जिथे वायरच मेली आहे तिथे हे ठोके असे काम करत नाहीत. पोलिओने बारीक झालेला पाय, अपघातात पूर्ण तुटलेली नस, किंवा कमरेच्या अगदी खालच्या मणक्यात चिरडलेला नसांचा झुबका, या दुखण्यांना तेच मशीन लावून उपयोग नाही. म्हणून "कोणत्याही लकव्यावर एकच मशीन" म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

तीन प्रकारची मशीन

बाहेरून सगळ्या डब्या सारख्याच दिसतात, काम वेगळे असते.

पहिले मशीन टेन्स. हे दुखणे कमी करण्यासाठी असते. पाठ, गुडघा, खांदा दुखत असेल तर काही जणांना आराम पडतो. हात-पाय चालू करणे हे त्याचे काम नाही. बाजारात लकव्याच्या नावाने बरेचदा हेच विकले जाते.

दुसरे स्नायूंना आखडवणारे मशीन. स्नायू वापराविना सुकू नयेत म्हणून आणि व्यायामाला जोड म्हणून ते लावतात.

तिसरे एफईएस. यात करंट एखाद्या कामाच्या नेमक्या क्षणी दिला जातो. व्लादिमिर लिबरसन या डॉक्टरांनी १९६१ मध्ये अमेरिकेत याची सुरुवात केली. लकव्यानंतर पुष्कळ रुग्णांचा पंजा लोंबतो, चालताना बोटे जमिनीला घासतात, ठेच लागून माणूस पडतो. लिबरसन यांनी रुग्णाच्या चपलेच्या टाचेत एक खटका बसवला. टाच उचलली की खटका चालू होई, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या नसेला करंट जाई आणि पंजा वर उचलला जाई. टाच टेकली की करंट बंद. आजची यंत्रे लहान झाली, पण तत्त्व तेच आहे.

अशा डबीसारख्या मशीनना करंट बहुधा बॅटरीतून मिळतो. स्नायू आखडवायला सेकंदाला साधारण २० ते ५० ठोके, आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते, ती माणूस मारते. कुणी वायरमन "मी घरच्या घरी बनवून देतो" म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

फायदा कुठे होतो, कुठे होत नाही

फायदा आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. लकव्यानंतर लुळा खांदा लोंबून सांध्यातून निसटतो आणि फार दुखतो. सुरुवातीच्या आठवड्यांत खांद्याच्या स्नायूंना करंट दिला तर निसटणे कमी होते. मनगट आणि बोटे उघडण्याच्या सरावात करंटची जोड मिळाली तर काही रुग्णांचा हात सुधारतो. पंजा लोंबणाऱ्याचे चालणे सुधारते. कण्याच्या दुखापतीत पाय गेलेल्यांना करंट देऊन सायकल मारायला लावली तर पायाचे मांस टिकते.

पण एक अट आहे. करंट सुरू असताना रुग्णाने स्वतः जोर लावला पाहिजे. "उघड, उघड" म्हणत त्याने मनाने बोटे उघडायचा प्रयत्न करायचा आणि त्याच वेळी करंटने मदत करायची. पुरात ओढ्यावरचा पूल वाहून गेला तर लोक दुसरीकडून ये-जा करतात आणि चालून चालून नवी पायवाट पडते. मेंदूही असाच शिल्लक भागातून नवी वाट पाडतो. ती हजारो वेळा केलेल्या सरावाने पडते. पट्ट्या लावून रुग्ण टीव्ही बघत पडून राहिला तर स्नायू हलेल, पण वाट पडणार नाही.

आता विक्रेता सांगत नाही ती गोष्ट. लोंबणाऱ्या पंजासाठी एफईएसची महाग यंत्रे आणि प्लास्टिकची साधी पट्टी, म्हणजे पायाला मागून आधार देणारी स्प्लिंट, यांची परदेशात मोठ्या अभ्यासांत तुलना झाली. चालण्याचा वेग दोन्हींनी जवळपास सारखाच सुधारला. स्प्लिंट यंत्राच्या मानाने फार स्वस्त असते, तिला बॅटरी लागत नाही आणि ती चपलेत बसते. गरिबाच्या घराने आधी तिचा विचार करावा.

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो, पाय गेलेला माणूस चालताना दिसतो. तो खोटा नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रेगॉयर कूर्टीन आणि जोसलीन ब्लोश यांच्या पथकाने नेदरलँड्सच्या गर्ट-यान ओस्काम यांच्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर यंत्रे बसवली. मेंदूचा हुकूम बिनतारी पद्धतीने कण्यापर्यंत पोहोचवला. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये सायकलच्या अपघातात त्यांच्या मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली होती. पण ती शस्त्रक्रिया आहे, संशोधन आहे आणि तिच्यामागे अनेक महिन्यांचा सराव आहे. त्या व्हिडिओचे नाव सांगून वस्तीत पंचवीस हजारांची डबी विकणे ही फसवणूक आहे.

सराव काय करू शकतो याचे उदाहरण बघायला परदेशात जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, पाय अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांची इजा पुसली गेली नाही. उरलेल्या शरीराकडून त्यांनी काम करून घेतले.

आमच्या हातून झालेली चूक

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही नुकत्याच नोकरीला लागलो होतो. एका रुग्णालयात लकव्याच्या रुग्णाला पट्ट्या लावायचे काम आमच्याकडे आले. आम्ही विचारत होतो, "बाबा, लागतंय का?" बाबा म्हणत होते, "काही कळत नाही, वाढवा." आम्ही वाढवले. पट्टी काढली तेव्हा खाली फोड आला होता. त्या जागेची जाणीवच गेलेली होती, म्हणून बाबांना कळत नव्हते. ते आम्ही आधी कापूस आणि टाचणीचे टोक लावून तपासायला हवे होते. मधुमेह असल्यामुळे ती जखम भरायला फार दिवस लागले. शिकलेल्या नर्सकडून हे होते, तर गाडीवरच्या विक्रेत्याकडून काय होईल याचा विचार करा.

म्हणून लक्षात ठेवा. छातीत पेसमेकर असेल, बाई गरोदर असेल, त्या जागी कर्करोगाची गाठ असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करंट घेऊ नये. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवरून आरपार पट्ट्या कधीच लावू नयेत. जखमेवर, फोडावर लावू नयेत. फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. मान किंवा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा झालेल्या रुग्णाचे करंट लावल्यावर डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर मशीन लगेच बंद करा, त्याला बसते करा आणि दवाखाना गाठा. रक्तदाब एकदम चढल्याची ती खूण असते.

पैसे देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

एक, आमच्या माणसाला तपासले कोणी, आणि त्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने हे मशीन कागदावर लिहून दिले आहे का?
दोन, हे दुखण्याचे मशीन आहे की स्नायूंचे?
तीन, पट्ट्या कुठे, किती वेळ, किती दिवस लावायच्या आणि सोबत कोणता व्यायाम करायचा?
चार, पक्के बिल, कंपनीचे नाव आणि दुरुस्तीचा पत्ता मिळेल का?
पाच, फरक पडला नाही तर कधी थांबायचे?

जो चिडून म्हणेल, "विश्वास नसेल तर राहू द्या," त्याला राहूच द्या. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून बघा. अंगारा-धुपारा, कबुतराचे रक्त चोळणे आपण सोडले ते याच विचाराने. मग वायर लावलेल्या डबीपुढे डोळे मिटून हात का जोडायचे?

घरात बिनपैशाचे काय करता येते

दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, म्हणजे पाठीला जखम होत नाही. लुळा हात उशीवर ठेवा. रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निसटतो. बोटे, मनगट, कोपर, घोटा रोज दोन-तीन वेळा हळूहळू पूर्ण हलवा. जेवताना चांगल्या हाताने काम करायचे, पण दुसरा हातही ताटाजवळ ठेवायचा आणि ताट धरायला लावायचा. ग्लास पकडणे, दाणे वेचणे, खुर्चीवरून उठणे-बसणे ही रोजची कामे हाच सराव. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, नंतरही होते पण हळू. त्यामुळे हे महिने मशीनची वाट बघण्यात घालवू नका. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या बंद करू नका, नाहीतर दुसरा झटका येतो.

कुठे जायचे?

आधी धाराशिवचे जिल्हा रुग्णालय गाठा आणि फिजिओथेरपी विभाग विचारा. पुढची गरज पडली तर सोलापूर आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे. तिथे व्यायाम, विजेचे उपचार, स्प्लिंट, कॅलिपर सगळे एका आवारात होते. जाण्याआधी जुने कागद, सीटी स्कॅनच्या फिल्म, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत ठेवा.

हक्काचे कागदही करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर अनेक सवलती मिळतात. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. केंद्राच्या एडिप योजनेतून कुबड्या, व्हीलचेअर, कॅलिपर मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. ही कुणाची मेहेरबानी नाही.

आणि सर्वांत आधीचे

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यातले एक जरी एकाएकी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच जा. लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडात पाणी किंवा औषध घालू नका, श्वासनलिकेत जाते.

झाडावरून, विहिरीत, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या माणसाला हात-पाय धरून उचलू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लोहारा-उमरग्याकडे माणसे ढिगाऱ्यातून जशी जमेल तशी ओढून काढावी लागली, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज आहे. तिघा-चौघांनी मिळून डोके, मान, पाठ एका रेषेत धरून माणूस दारावर किंवा फळीवर सरकवायचा. मज्जारज्जूचे जेवढे धागे त्या वेळी वाचतील, तेवढ्यांवरच पुढे व्यायाम आणि करंट काम करू शकतात.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत पायाच्या वेदनांनी ते हैराण होते. आपण जयंतीला दरवर्षी एकत्र येतो. त्या दिवशी विहारात रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवा. लकव्याचा सर्वांत स्वस्त उपचार तोच आहे.

त्या ताईंचे पुढे काय झाले? गटाने पंचवीस हजार दिले नाहीत. जिल्हा रुग्णालयात ये-जा करायला आणि स्प्लिंटला तीन हजार दिले. इसाराचे पैसे बुडाले, शेळी गेली ती गेलीच. भाऊंच्या मनगटाला आता फिजिओथेरपिस्ट करंट लावतात आणि भाऊ घाम येईपर्यंत बोटे उघडायचा प्रयत्न करतात. परवाच्या पौर्णिमेला स्प्लिंट आणि काठीवर ते विहारापर्यंत चालत आले. उजव्या हाताने जेवता येत नाही, पण त्या हाताने ताट दाबून धरतात. एकवीस दिवसांत नाही, सात महिन्यांत.

ताई म्हणाल्या, "सिस्टर, पुढच्या वस्तीतही तो गाडीवाला येतो म्हणं." म्हणून हे पान घरातल्या पेटीत ठेवू नका. पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

जय भीम.